सणासुदीची रोषणाई आणि चाळींची अग्निसुरक्षा

श्रावण सरत आला की गिरगावच्या वाड्यांत, दादरच्या जुन्या इमारतींत आणि परळ-लालबागच्या चाळींत सणांची लगबग सुरू होते. 1893 साली गिरगावातील केशवजी नाईक यांच्या चाळीत सार्वजनिक गणेशोत्सव सुरू झाला. तेव्हापासून चाळ आणि उत्सव यांचे नाते अतूट राहिले आहे. गणपतीच्या मखरापासून दिवाळीच्या आकाशकंदिलापर्यंत दोन-अडीच महिने या इमारतींचे सज्जे दिव्यांनी उजळलेले असतात. या आराशीतील धोका मात्र बहुधा चुकीच्या जागी शोधला जातो. समई, निरांजन, कापूर यांच्या उघड्या ज्योतीवर घरातील वडीलधाऱ्यांची नजर असते. विजेच्या सैल जोडात साठणारी उष्णता कोणाच्याच नजरेस पडत नाही.

पाच अँपिअरच्या सॉकेटवर 230 व्होल्ट दाबाने फार तर 1,150 वॅटचा भार टाकता येतो. पाचशे वॅटचे दोन हॅलोजन लावले की ही मर्यादा जवळजवळ गाठली जाते. आज बहुतेक माळा एलईडीच्या असल्याने त्यांना वीज अगदी थोडी लागते आणि त्या फारशा तापतही नाहीत. तथापि, माळ ज्या एक्स्टेन्शन बोर्डावर लावलेली असते, त्यावरच गौरीच्या साडीसाठी इस्त्री लागते, पाहुण्यांसाठी टेबलफॅन लागतो, आणि भार कोणी मोजत नाही.

भाराहूनही अधिक घातक असतो तो जोड. वायर अपुरी पडली म्हणून दोन टोके पिळून वर चिकटपट्टी गुंडाळण्याची रीत घरोघरी आहे. असा जोड सैल झाला आणि तेथे केवळ एक ओहम इतका रोध निर्माण झाला, तर पाच अँपिअर प्रवाह वाहताना त्या एका बिंदूवर 25 वॅट उष्णता सतत निर्माण होत राहते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याची सोल्डरिंगची सळई साधारण तेवढ्याच वॅटची असते आणि ती कथील वितळविते. हरभऱ्याएवढ्या जागेतील ही उष्णता पडद्याच्या घडीत किंवा कापसाच्या हिमालयाखाली दडलेली असेल, तर पुढे काय होते ते सांगण्याची आवश्यकता नाही. मुख्य फलकावरील फ्यूज किंवा एमसीबी यांना हा दोष कळतच नाही. कारण प्रवाह ठरलेल्या मर्यादेतच असतो. “फ्यूज उडाला नाही, म्हणजे सारे ठीक आहे” हा समज त्यामुळे फसवा ठरतो. फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालणारे गृहस्थ तर उरलेसुरले संरक्षणही काढून टाकीत असतात.

यावर उपाय खर्चिक नाही. बोर्डापासून मखरापर्यंत अखंड, बिनजोडाची, तीन तारांची केबल घ्यावी. ती दाराच्या फटीत चिरडू नये किंवा खिळ्याने ठोकू नये. अर्धा तास दिवे लावून ठेवावेत, मग ते बंद करून प्लग काढावा आणि प्लग व वायर यांना हात लावून पाहावा. जे गरम लागेल ते बदलावे. गळती प्रवाह ओळखून वीज तोडणारे 30 मिलिअँपिअरचे उपकरण बसविल्यास विजेच्या धक्क्यापासून संरक्षण मिळते. पण सैल जोडाची उष्णता त्यालाही ओळखता येत नाही, हे ध्यानात ठेवावे. घरातील मंडळी निजण्यापूर्वी देवापुढील एक लहान दिवा वगळता सर्व रोषणाई बंद झाली पाहिजे.

आराशीच्या साहित्याबाबतही दोन शब्द आवश्यक आहेत. राज्य शासनाने 23 मार्च 2018 रोजी अधिसूचना काढून थर्मोकोलच्या सजावटीच्या वस्तूंवर बंदी घातली, ती पर्यावरणाच्या कारणासाठी. अग्निसुरक्षेच्या दृष्टीनेही ती हिताची आहे. थर्मोकोल उष्णतेने वितळतो, त्याचे जळते थेंब खाली टपकतात आणि दाट काळा धूर कोंडतो. पोटमाळ्यावर जपून ठेवलेली जुनी मखरे अद्यापही अनेक घरांत असतील. ती बाहेर काढू नयेत. कागद, नायलॉनचे पडदे आणि जिलेटीन ही मंडळीही थोड्याफार फरकाने त्याच कुळातील होत.

चाळीत एका खोलीतील आग एका खोलीपुरती राहत नाही. लाकडी तुळया, लाकडी जिना, सामायिक सज्जा आणि बहुधा जिन्याखालीच असलेली मीटरची पेटी, अशी ही रचना आहे. 2 डिसेंबर 2023 रोजी गिरगावातील गोमती भवन या निवासी इमारतीला लागलेल्या आगीत दोघांचा मृत्यू झाला. हा प्रसंग सणाच्या रोषणाईतून घडलेला नव्हे. पण जुन्या इमारतीत आग लागल्यास रहिवाशांना किती थोडा अवधी मिळतो, हे त्यावरून कळते. जिना हा धुराड्यासारखे काम करतो. खालचा धूर क्षणात वर चढतो. म्हणून जिन्यात व जिन्याखाली जुनी कपाटे, सायकली, मंडपाचे बांबू, रद्दी ठेवण्याची सवय सणापूर्वी मोडली पाहिजे. हे काम एका बिऱ्हाडाचे नाही. चाळ समितीने परवानाधारक तारतंत्रीकडून सामायिक वायरिंग तपासून घ्यावे आणि सज्जातील सर्व माळांसाठी मजल्यावर एकच वेगळे बटण ठेवावे, म्हणजे रात्री एका हाताने सर्व बंद करता येईल. शेजारी पाहील, ही भावना येथे उपयोगाची नाही.

मुंबईबाहेरील जुने वाडे आणि बाजारपेठेतील लाकडी माड्या यांचीही स्थिती अशीच आहे. पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील मंडपांची वायर एकदा स्वतः पाहावी.

आग लागलीच तर प्रथम मेन स्विच बंद करावा. वीज चालू असताना पाणी ओतू नये. कोरडी वाळू किंवा कोरड्या भुकटीचे अग्निशामक वापरावे. खोली धुराने भरल्यास ओले फडके नाकातोंडाशी धरून, जमिनीलगत सरकत बाहेर पडावे. 22 ऑगस्ट 2018 रोजी, बकरी ईदच्या दिवशी, परळ येथील क्रिस्टल टॉवरला आग लागून चौघांचा मृत्यू झाला. त्याच इमारतीत दहा वर्षांच्या एका विद्यार्थिनीने शेजाऱ्यांना ओल्या कापडाच्या पट्ट्यांतून श्वास घेण्यास सांगितले आणि सतरा जणांचे प्राण वाचविण्यास मदत केली. ही युक्ती तिला शाळेतील प्रकल्पातून ठाऊक झाली होती. शिक्षकांनी सहामाही परीक्षेपूर्वीचा एखादा तास या पाठासाठी राखून ठेवण्यास हरकत नसावी.

अग्निशमन दलास 101 क्रमांकावर कळविताना चाळीचे नाव, गल्ली आणि जवळची खूण सांगावी. एका रहिवाशाने गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बंबाला वाट दाखवावी. गिरगाव-लालबागच्या गल्ल्या मुळातच अरुंद आहेत. त्यांत मंडप, कमान आणि दुतर्फा उभी वाहने आली की बंब आत वळत नाही. कमानीचा खांब रोवण्यापूर्वी बंबाची रुंदी व उंची नजीकच्या अग्निशमन केंद्रात विचारून घ्यावी.