माळढोक, माळरान आणि आपली शेती

पडीक माळ म्हणजे निरुपयोगी जमीन, अशी आपली जुनी समजूत आहे. वस्तुतः ज्या माळावर गावची शेरडेमेंढरे चरतात, तोच माळढोक पक्ष्याचा निवारा होय. हा पक्षी सुमारे एक मीटर उंच असतो. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. टोळ व भुंगे हे त्याचे आवडते खाद्य असल्याने तो शेतकऱ्याचा मित्रच ठरतो.

त्याच्या रक्षणासाठी १९७९ साली सोलापूर व तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यांत सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य घोषित झाले. त्यात गावे व खाजगी शेतेही आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने पडली आणि लोकांच्या मनात पक्ष्याविषयी कटुता उत्पन्न झाली. पुढे हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. मात्र नान्नज येथील अलीकडील गणनांत एखाद-दुसराच पक्षी आढळला आहे. लोकांना विश्वासात घेतल्यावाचून केवळ नकाशावर रेघ ओढून रक्षण साधत नाही, हा ह्यातील धडा होय.

दुसरा प्रश्न विजेचा. देहाने जड आणि समोरचे कमी दिसणारा हा पक्षी तारांवर आदळून मरतो. राजस्थान व गुजरातेतील अशा तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली दिला. सौरवीजही देशाला हवी, म्हणून २०२४ साली तो शिथिल करून तज्ज्ञांची समिती नेमली. दोन्ही गरजा खऱ्या आहेत. म्हणूनच कोठे काय उभारावे, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

ग्रामपातळीवर पुढील गोष्टी सहज करता येतील :

१. गवताळ माळावर सरसकट वृक्षलागवड करू नये. माळढोकाला मोकळे रान लागते.

२. गायरानाचे भाग पाडून आळीपाळीने चराई ठेवावी. गवतही वाढेल, जनावरांनाही चारा मिळेल.

३. माळालगतच्या पिकांवर कीटकनाशके गरजेपुरतीच फवारावीत.

४. अंडे दिसल्यास हात न लावता दूर व्हावे, कुत्री आवरावीत व वनरक्षकास कळवावे.

५. नवी वीजवाहिनी येणार असल्यास तिचा मार्ग ग्रामसभेत विचारावा व तारांना पक्ष्यांस दिसतील अशा खुणा लावण्याची मागणी करावी.

शेतकरी बंधूंनो, माळ राखला तर चारा राहील, आणि चाऱ्याबरोबर माळढोकालाही जागा राहील.