संगणकातील दप्तर : फोल्डर व फाइलींची मांडणी

ज्या बरणीवर चिठ्ठी नाही, तिच्यातील चूर्ण आपण रुग्णास देत नाही. संगणकातील फाइलींबाबत मात्र हीच दक्षता आपल्याकडून पाळली जात नाही. मनीषनगर येथील आमच्या चिकित्सालयात याचा अनुभव आम्ही घेतला आहे. एका रुग्णेस बिब्बा सोसत नाही, अशी नोंद आम्ही तिच्या फाइलीत केली होती. पुढील भेटीच्या वेळी डेस्कटॉपवर राहून गेलेली त्याच फाइलीची जुनी प्रत उघडली गेली. तीत ही नोंद नव्हती. आम्ही संजीवनी वटी लिहून दिली. भल्लातक हा तिचा एक घटक आहे. "यात बिब्बा नाही ना?" असे रुग्णेनेच विचारले, म्हणून अनर्थ टळला. दोष संगणकाचा नव्हता, आमच्या मांडणीचा होता. त्यानंतर आम्ही जी पद्धत स्वीकारली, ती येथे देत आहोत.

विंडोज प्रणालीत फाइलींची व्यवस्था पाहणाऱ्या साधनास 'फाइल एक्सप्लोरर' म्हणतात. २०१२ मध्ये विंडोज ८ येईपर्यंत त्याचे नाव 'विंडोज एक्सप्लोरर' असे होते. कीबोर्डवरील विंडोजचे बटण व 'ई' ही अक्षरकळ एकदम दाबली असता ते उघडते. डावीकडे फोल्डरांचा वृक्ष व उजवीकडे निवडलेल्या फोल्डरातील सामग्री दिसते.

१. वृक्षरचना : चरकसंहितेत ८ स्थाने व त्यांत १२० अध्याय आहेत. कोणता विषय कोठे सापडेल, हे अभ्यासकास त्या विभागणीवरून कळते. आपणही 'चिकित्सालय' असे एक मुख्य फोल्डर करावे. त्यात रुग्णनोंदी, खरेदी-विक्री, औषधनिर्माण, परवाने व अभ्यास ही उपफोल्डरे असावीत. रुग्णनोंदी व्याधीनुसार लावू नयेत, कारण निदान बदलते, रुग्ण तोच राहतो. प्रत्येक रुग्णास नोंदणी क्रमांकाचे एक फोल्डर द्यावे. खरेदी-विक्रीची बिले आर्थिक वर्षानुसार ठेवावीत. औषधनिर्मात्यांनी प्रत्येक बॅचचे स्वतंत्र फोल्डर करावे.

२. नामकरण : फाइलीच्या नावात प्रथम वर्ष, मग महिना, मग दिवस लिहावा, उदा. '२०२४-०७-०९ तपासणी'. असे केल्याने नावानुसार लावलेली यादी आपोआप कालक्रमाने लागते. दिनांकात तिरपी रेघ वापरता येत नाही, कारण विंडोजमध्ये नावात ते चिन्ह निषिद्ध आहे. अंक मराठी की इंग्रजी, तसेच 'कुमारी आसव' की 'कुमार्यासव', हे एकदाच ठरवावे. अन्यथा शोध घेताना अर्ध्या फाइली सापडत नाहीत. 'नवीन', 'अंतिम' अशी नावे कधीही देऊ नयेत. नाव बदलण्यासाठी फाइल निवडून एफ-२ दाबावे.

३. एक फाइल, एक स्थान : चरकाने ५० महाकषायांत प्रत्येकी १० द्रव्ये सांगितली. तीच द्रव्ये पुन्हा येतात, मग ५०० ही संख्या कशी, असा प्रश्न अग्निवेशाने विचारला. एकच मनुष्य अनेक कर्मे करतो व त्या त्या कर्मानुसार नाव पावतो, असे उत्तर आत्रेयांनी दिले. हरीतकी कुष्ठघ्न व अर्शोघ्न या दोन्ही गणांत आहे, पण द्रव्य एकच. फाइलीचेही तसेच मानावे. ती दोन ठिकाणी हवी असल्यास प्रत न काढता शॉर्टकट करावा. 'ऑल्ट' दाबून फाइल दुसऱ्या फोल्डरात ओढली की तो तयार होतो.

४. स्थलांतर : माउसने ओढलेली फाइल त्याच ड्राइव्हवर असल्यास हलते, दुसऱ्या ड्राइव्हवर नेल्यास मात्र तिची प्रत होते. नकळत दोन प्रती होण्याचे हे मोठे कारण आहे. म्हणून हलवताना कंट्रोल-एक्स व कंट्रोल-व्ही वापरावे.

५. रक्षण : आठवड्यातून एकदा मुख्य फोल्डरची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी व ती डिस्क अन्यत्र ठेवावी. शॉर्टकटमध्ये केवळ पत्ता असतो. तोच पेन ड्राइव्हवर नेल्यास मूळ फाइल जात नाही. पेन ड्राइव्हवरून पुसलेले रीसायकल बिनमध्येही मिळत नाही. जीएसटी नोंदणीधारकांना वार्षिक विवरणपत्राच्या नियत दिनांकापासून ७२ महिने हिशेब जतन करावे लागतात, हेही ध्यानी असावे. रुग्णनोंदी खासगी असल्याने संगणकास व त्या डिस्कलाही पासवर्ड ठेवावा.

जुना पसारा आवरण्यापूर्वी सर्व सामग्रीची एक प्रत काढून ठेवावी. नंतर रोज थोडी आवराआवर करावी. एकाच रुग्णाच्या दोन फाइली आढळल्यास, नंतर बदललेली तीच पूर्ण असे गृहीत धरू नये. दोन्ही उघडून ताडून पाहाव्यात, नोंदी एकत्र कराव्यात व मगच जुनी बाजूस काढावी. आमच्या रुग्णेची ती एक ओळ अशाच दुसऱ्या फाइलीत राहिली होती.