सिकलसेलचा रुग्ण आणि व्यायाम

गोंदिया जिल्ह्यात आषाढात धानाची रोवणी सुरू होते. चिखलात, ओणव्याने, पावसात भिजत करावयाचे हे काम धडधाकट माणसालाही थकविते. सिकलसेलच्या रुग्णाला मात्र ते अंथरुणास खिळवू शकते. पूर्व विदर्भात आदिवासी व इतर अनेक समाजांत आढळणारा हा रक्ताचा आनुवंशिक विकार आहे.

निरोगी तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते. सिकलसेलच्या रुग्णाची पेशी 10 ते 20 दिवसच टिकते. त्यामुळे रक्तक्षय कायमचा असतो आणि प्राणवायूचा पुरवठा अपुरा पडून थकवा येतो. शिवाय प्राणवायू कमी पडला की पेशी विळ्याचा आकार घेतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. अतिश्रम, थंडी, ताप व शरीरातील पाणी घटणे ही त्याची नेहमीची निमित्ते होत. वर्गात पेंगणारा असा मुलगा आळशी ठरविला जातो, हा त्याच्यावर अन्यायच होय.

मग त्याला बसवूनच ठेवावे काय? तसे केल्यास स्नायू दुर्बल होतात व थोड्या श्रमानेही धाप लागते. फ्रान्समधील प्रौढ रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष 2018 साली प्रसिद्ध झाले. आठवड्यातून तीन वेळा, याप्रमाणे 8 आठवडे, देखरेखीखाली एका जागी बसवलेल्या सायकलीवर मध्यम व्यायाम केल्याने त्यांची श्रमक्षमता वाढली. व्यायामामुळे गंभीर उपद्रव झाला नाही. मुलांच्या बाबतीत हा निष्कर्ष जसाच्या तसा लावता येणार नाही, हे उघड आहे.

डॉक्टरांच्या संमतीने, बोलता येईल इतपत वेगाने चालणे ही सुरुवात पुरेशी आहे. वेग हळूहळू वाढवावा, मध्ये विसावा द्यावा, पाणी वारंवार पाजावे. शर्यती, भर दुपारची कवायत व तलावाच्या गार पाण्यात पोहणे टाळावे. ताप वा वेदना असता व्यायाम करू नये. छातीत दुखल्यास किंवा धाप न थांबल्यास रुग्णालय गाठावे. हायड्रॉक्सियुरिया व फॉलिक ॲसिडच्या गोळ्या व्यायामामुळे बंद करावयाच्या नाहीत. केवळ वाहक असलेली व्यक्ती रुग्ण नसते; तिला सर्वसाधारण खेळांची बंदी नाही, तथापि कडक उन्हात अतिश्रम तिनेही टाळावेत.

1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात रक्ततपासणीवर भर आहे. तपासणीत रुग्ण ठरलेल्या विद्यार्थ्याची माहिती पालकांच्या संमतीने शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना असावी, आणि ग्रामपंचायतीच्या कामावर अशा मजुराला खोदकामाऐवजी सावलीतील हलके काम मिळावे.