सुवार्तेची निकड : कलकत्त्याहून मुंबईकडे

कोलकात्यातील एस्प्लनेड हा भाग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना तेथील वर्दळ सहसा विसरता येत नाही. उत्तरेस राज्यपालांचे भव्य निवासस्थान, दक्षिणेस मैदानाचा हिरवा विस्तार, पूर्वेस धर्मतला. भुयारी रेल्वेचे मार्ग येथे एकत्र येतात. संध्याकाळी येथे उभे राहणाऱ्याच्या समोरून काही मिनिटांत इतकी माणसे निघून जातात की, त्यांतील एकही चेहरा पुन्हा दृष्टीस पडेल असे सांगता येत नाही.

महाराष्ट्रातील प्रॉटेस्टंट मंडळीच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे पान याच शहरात लिहिले गेले, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. १८१२ साली वरील निवासस्थानात गव्हर्नर-जनरल लॉर्ड मिंटो राहत होते. त्या वर्षीच्या जून व ऑगस्ट महिन्यांत अमेरिकेहून पाच तरुण मिशनरी दोन जहाजांनी कलकत्त्यास पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. सुवार्तेमुळे प्रजा बिथरेल आणि व्यापाराला धोका पोहोचेल, अशी तिची धास्ती होती. पोलिसांकडून हुकूम सुटला : देश सोडून जा.

पाचांच्या वाटा फुटल्या. अदोनिराम जडसन यांचा एस्प्लनेडपासून पायी जाता येईल अशा लाल बाजारच्या प्रार्थनामंदिरात बाप्तिस्मा झाला आणि पुढे ते ब्रह्मदेशास गेले. सॅम्युएल न्यूवेल आपल्या पत्नीसह मॉरिशसकडे निघाले. तेथे त्याच वर्षी त्यांची पत्नी हॅरिएट अवघ्या एकोणिसाव्या वर्षी मृत्यू पावली. गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट यांनी मात्र मुंबईचे जहाज गाठले आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईस उतरले. तेथेही त्यांना इंग्लंडला रवाना करण्याचा हुकूम तयारच होता! ते कोचीनपर्यंत निसटले, त्यांना परत आणण्यात आले. तरी हॉल यांनी गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांच्यापुढे आपली बाजू निर्भयपणे व आदराने मांडणे सोडले नाही. अखेरीस राहण्याची परवानगी मिळाली. अशा रीतीने अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ झाला.

हे सारे कशासाठी? परत जाण्यास सबळ कारण असताना ही माणसे परत का गेली नाहीत? याचे उत्तर हॉल व न्यूवेल यांनीच १८१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तिकेत दिले आहे. जगातील साठ कोटी लोकांचा सुवार्तेवर हक्क आहे, अशी तिची मांडणी होती. हक्क हा शब्द ध्यानात घ्यावा. आपण सुवार्ता सांगतो तेव्हा कोणावर उपकार करीत नाही. पौलाने म्हटल्याप्रमाणे (रोम १:१४) आपण देणेकरी आहोत, आणि देणे फेडण्यास उशीर करणारा मनुष्य उदार ठरत नाही. शोमरोनच्या वेशीबाहेरील चार कुष्ठरोग्यांनाही हेच उमगले (२ राजे ७). शत्रूची ओसाड छावणी त्यांना सापडली, ते पोटभर जेवले, सोनेनाणे लपवून आले; आणि मग त्यांच्या मनाला टोचणी लागली की, नगर उपाशी मरत असता आपण गप्प बसलो आहोत. त्यांनी सकाळ होण्याची वाट पाहिली नाही.

निकड म्हणजे उतावळेपणा नव्हे

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. सुवार्तेची निकड म्हटली की काहींना घाईघाईने वाटलेली पत्रके आणि मोठ्या आवाजातील भाषणे आठवतात. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात आले. श्रीरामपूर येथे कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा झाला तो १८०० च्या डिसेंबरात. मधली सात वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? पुढे कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात हेच कॅरी मराठी शिकवीत होते. पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण, १८१० मध्ये कोश आणि १८११ मध्ये नवा करार छापून काढला. ती भाषा मुंबईकडील लोकांना अवघड वाटे. म्हणून हॉल व त्यांचे सोबती पुन्हा पहिल्यापासून मराठी शिकले आणि त्यांनी स्वतःचे भाषांतर केले. ज्याला खरोखर निकड असते तो समोरच्याची भाषा शिकण्याचे कष्ट घेतो. आपल्या मंडळ्यांत ठरावीक शब्दांत ठरावीक साक्ष देण्याची जी सवय जडली आहे, तिला या कसोटीवर घासून पाहावे असे वाटते.

हॉल यांचा नवा करार मुंबईत १८२६ मध्ये छापून पूर्ण झाला. त्याच वर्षी मार्च महिन्यात नाशिक भागात पटकीची साथ असताना औषधे व पुस्तके देत ते फिरले, आणि परतीच्या वाटेवर त्याच रोगाने गेले. वय एकेचाळीस. आपल्या श्रमाचे फळ त्यांना जवळजवळ दिसलेच नाही.

आज कंपनी सरकारचे हुकूम नाहीत. राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. त्याचबरोबर १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. विश्वासणाऱ्याला यात अडचण वाटण्याचे कारण नाही. बळजबरीने किंवा आमिषाने ओढलेले मन प्रभूला नकोच आहे. पेत्राने आशेचे कारण सांगण्यास सदैव सिद्ध राहावयास सांगितले ते सौम्यतेने व आदराने (१ पेत्र ३:१५). अधिक काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची : कायद्याचे निमित्त पुढे करून शेजाऱ्याशी एक शब्दही न बोलणाऱ्यांची.

आपल्या जवळचेच एक उदाहरण घ्या. १८९३ साली नारायण वामन टिळक रेल्वेने राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक युरोपियन प्रवासी भेटला. काव्य व धर्म यांवर मोकळे बोलणे झाले, आणि निरोप घेताना त्याने नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती देऊन ती वाचण्याचे वचन घेतले. वचन दिले म्हणून टिळकांनी वाचावयास आरंभ केला. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच पुस्तक खाली ठेवणे त्यांना अशक्य झाले. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या प्रवाशाने आपले नाव सांगितले नव्हते, आणि टिळकांनी ते विचारले नव्हते.