नाट्यगीताकडून ख्यालाकडे : पुन्हा पहिल्या बाकावर



स्नेहसंमेलनात नाट्यगीत म्हणून टाळ्या मिळवणारी मुलं आपल्या नाशिकमध्ये कमी नाहीत. अशा मुलाला ख्याल शिकायला पाठवलं, की दोन-तीन महिन्यांत घरोघरी एकच तक्रार सुरू होते : "एवढं छान गाणारं पोर, आणि क्लासमध्ये अजून 'सा'च लावायला सांगतात!" मूल मागे चाललंय असं वाटतं आणि पुष्कळदा तिथेच क्लास सुटतो. म्हणून आज या 'मागे जाण्या'बद्दलच बोलू या.

हा प्रश्न फक्त आपला नाही. पाश्चात्त्य देशांत 'म्युझिकल' म्हणजे संगीत नाटकांत गाणारे कलाकार ऑपेराकडे वळतात, तेव्हा त्यांनाही हाच अनुभव येतो. म्युझिकलमध्ये अंगावर छोटा माइक असतो, शब्द बोलल्यासारखे म्हणता येतात. ऑपेरात साधारणपणे माइक नसतो. मोठ्या वाद्यवृंदाच्या वरून आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यायचा, तर श्वास कसा घ्यायचा इथपासून शिकावं लागतं. आपल्याकडे याच्या सर्वांत जवळचा प्रवास म्हणजे नाटकाच्या रंगमंचावरून ख्यालाच्या मैफलीकडे.

दोन्हींत फरक काय?

आधी नातं लक्षात घ्या. 'संगीत स्वयंवर' (१९१६) मधल्या पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, त्या रागदारीतूनच आल्या. नाशिकच्या एच.पी.टी. महाविद्यालयात शिकवणारे प्रा. वसंत कानेटकर यांच्या 'मत्स्यगंधा'ला (१९६४) संगीत दिलं ते पं. जितेंद्र अभिषेकी यांनी, आणि ते स्वतः ख्यालगायक. म्हणजे राग दोन्हीकडे तेच. मग अडतं कुठे?

१. शब्द : नाट्यगीतात शब्दाचा हात धरून चालता येतं. ख्यालातल्या आकारात शब्दच नसतो. स्वर किंचित हलला तरी लपायला जागा नाही.

२. वेळ : नाट्यगीत काही मिनिटांत रंगवायचं असतं. ख्यालात एकच राग अर्धा-पाऊण तास उलगडतो. सगळा दारूगोळा पहिल्या पाच मिनिटांत संपवून चालत नाही.

३. भूमिका : नाटकात प्रसंग आणि वेशभूषा गाण्याच्या मदतीला असतात. मैफलीत तंबोरा, तबला, पेटी किंवा सारंगी, आणि आपण.

मल्लिकार्जुन मन्सूर यांचं उदाहरण

पं. मल्लिकार्जुन मन्सूर यांचा जन्म १९१० चा, धारवाडजवळच्या मन्सूर गावचा. थोरले भाऊ बसवराज नाटकात, त्यामुळे मल्लिकार्जुनही लहानपणीच कन्नड नाटक कंपनीत आले. तिथे अप्पय्या स्वामींकडून कर्नाटक संगीताचे धडे मिळाले. पुढे ते मिरजेला नीलकंठबुवा आलूरमठ यांच्याकडे ग्वाल्हेर गायकी शिकले. नाव झालं, ध्वनिमुद्रिका निघाल्या. इथे थांबले असते तरी कुणी नाव ठेवलं नसतं.

पण विशीत असताना ते मुंबईत मंजीखाँ यांचे शिष्य झाले. मंजीखाँ हे जयपूर-अत्रौली घराण्याच्या उस्ताद अल्लादियाखाँ यांचे चिरंजीव. घराणं बदललं म्हणजे फक्त नव्या चिजा मिळाल्या असं नव्हे. आलाप मांडायची रीत, लयीशी खेळ, तानांची वीण, सगळंच वेगळं. लोक पैसे मोजून ज्याचं गाणं ऐकत होते, तो गायक पुन्हा पहिल्या बाकावर बसला! १९३७ मध्ये मंजीखाँ गेले. तरी शिक्षण थांबलं नाही. त्यांचे धाकटे भाऊ भुर्जीखाँ यांच्याकडे ते चालू राहिलं. पुढे अनवट आणि जोड राग ही मन्सूरांची ओळख बनली, आणि १९९२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं.

यात आपल्या कामाची गोष्ट कोणती? आधीचं गाणं वाया गेलं नाही. नाटकातून सभाधीटपणा आला, ग्वाल्हेर गायकीतून पाया आला. मात्र नवं शिकताना 'मला येतं' हे वाक्य बाजूला ठेवावं लागलं.

आपण काय करू शकतो?

- मुलाला येणारं नाट्यगीत बंद करू नका. त्याचा राग कोणता ते शोधायला लावा आणि त्याच रागाची बंदिश शिकवा. ओळखीच्या घरातून नव्या घरात जाणं सोपं पडतं.
- तेच गाणं शब्द वगळून, फक्त आकारात म्हणायला सांगा. कुठे स्वर ढळतो हे मुलालाच कळेल. सांगावं लागणार नाही.
- रोज दहा मिनिटं तंबोऱ्याबरोबर एकच स्वर. मोबाइलवरचा तंबोराही चालेल.
- पहिल्या वर्षी स्पर्धा कमी ठेवा. बक्षिसासाठी मूल जुनंच गाणं घोटत बसतं आणि नवं राहून जातं.
- प्रवेशिका, मध्यमा या परीक्षा जरूर द्याव्यात, पण परीक्षेची घाई हा रियाझाला पर्याय नाही.

या परीक्षा घेणारं गांधर्व महाविद्यालय मंडळ पं. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या शिष्यपरंपरेतून उभं राहिलं. पलुसकरांनी आपल्या उत्तरायुष्यात नाशिकमध्ये रामनाम आधाराश्रम काढला होता. सर्वसामान्य घरातल्या मुलांनी पद्धतशीर गाणं शिकावं यासाठी त्यांनी आयुष्य वेचलं. त्या गावात आपण राहतो, तर थोडा धीर आपणही धरायला हरकत नाही.

तेव्हा पालकहो, मूल क्लासहून आलं की "आज नवीन गाणं कोणतं झालं?" असं विचारू नका. "आज कोणता स्वर नीट लागला?" असं विचारून बघा. आणि शिक्षकांनो, 'सा'वर महिना का घालवतोय हे पालकांना एकदा बोलावून, प्रत्यक्ष गाऊन दाखवा. त्यांना ऐकू आलं, की तक्रार आपोआप कमी होते.