हात धुतले, फोनचं काय?

आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची जखम चिघळली. पुवाचा कल्चर रिपोर्ट आला, तेव्हा बहुतेक अँटिबायोटिकच्या नावांपुढे ‘आर’ होता. आर म्हणजे रेझिस्टंट, त्या जंतूवर ते औषध चालत नाही. जंतू होता एमआरएसए, म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस. शेवटी व्हॅन्कोमायसिन सलाइनमधून सावकाश द्यावं लागलं.

तो कुठून आला हे डॉक्टरांना सांगता आलं नाही, मीही कुणावर बोट ठेवणार नाही. साधा स्टॅफिलोकोकस ऑरियस सुमारे तीनातल्या एका निरोगी माणसाच्या नाकात निमूट राहतो. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्येच त्याला दाद न देणारा एमआरएसए ब्रिटनमध्ये सापडला.

ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर मात्र रोज बजावायच्या, “ताई, हात धुतलेत ना? मग आता फोनला हात लावू नका.” तेव्हापासून मी वॉर्डातले फोन बघायला लागले. उशाशी, चादरीवर, व्हिडिओ कॉलसाठी पेशंटच्या तोंडाशी, मग भेटायला आलेल्या मावशींच्या हातात. तुर्कस्तानातल्या संशोधकांनी २०० आरोग्य कर्मचाऱ्यांचे फोन तपासून २००९ मध्ये निष्कर्ष छापले. ९४.५ टक्के फोनांवर जंतू होते. त्यांत सापडलेल्या स्टॅफिलोकोकस ऑरियसपैकी ५२ टक्के मेथिसिलिनला न जुमानणारे. आणि ही तर सतत हात धुणारी माणसं!

धडधाकट माणसाच्या अखंड कातडीला हे जंतू सहसा काही करत नाहीत, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण घरात ताजे टाके, सलाइनची सुई, लघवीची नळी किंवा तान्हं बाळ असेल, तर फोन रोज पुसा. आधी तो बंद करा, चार्जर काढा, कव्हर उतरवा. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे वाइप्स केमिस्टकडे मिळतात. त्यांनी पुसा आणि आपोआप वाळू द्या. लगेच कोरडं केलं तर अल्कोहोलला काम करायला वेळच मिळत नाही. फोनवर थेट फवारा नको, ब्लीच तर अजिबात नको. सिलिकॉनचं कव्हर साबणाने धुवा, त्याच्या कडांत मळ साचतो. चष्मा आणि घड्याळाचा पट्टाही विसरू नका. सगळं झाल्यावर हात धुवा.

दवाखान्यात पेशंटला फक्त त्याचाच फोन द्या. नातवाचे फोटो दाखवायचे असतील तर पाहुण्यांनी आपला फोन स्वतःच्या हातात धरून दाखवावा. वाईट वाटलं तरी हे स्पष्ट सांगा. मी सांगायला लागले, आणि कुणी रागावलं नाही.