पोट दुखतंय, सर

१. दिवाळीची सुट्टी संपली की बीडकडच्या आमच्या शाळेत पोटदुखीची साथ येते. आईबाप कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यावर गेलेले असतात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार कर्नाटकात. पोरं आजीजवळ राहतात, हंगामी वसतिगृहात जेवतात. आईची आठवण येते हे चौथीतल्या पोराला सांगता येत नाही, लाजही वाटते. पोटाचं सांगता येतं. आणि पोट खरंच दुखतं. ‘नाटकं करतंय’ म्हणणाऱ्या सहकाऱ्यांशी मी या एकाच विषयावर भांडतो. दुखणं राहिलंच तर आरोग्य केंद्रात दाखवायचं. सगळंच मनावर ढकलणं हाही आळसच.

२. हजेरी नुसती घेऊ नये, वाचावी. दर सोमवारी गैरहजर कोण, मधल्या सुट्टीनंतर गायब कोण, हे तिथंच दिसतं.

३. सातवीतल्या एका मुलीच्या वहीच्या शेवटच्या पानावर मुकादमाचा नंबर होता. तोडणी पहाटेपासून, गाडी भरायला रात्री-अपरात्री; फोन लागणार कधी? मुकादमाशी बोलून रविवारी सकाळची वेळ ठरवून घेतली. मला वाटलं, आता रडारड होणार. पोरगी म्हणाली, “आये, शेळी व्याली.” पलीकडून प्रश्न आला, “पाठ का बोकड?” सगळं बोलणं शेळीवरच झालं. फोन ठेवताना ती म्हणाली, “सर, पुढच्या रविवारी पण?” मुलाला सल्ला कमी आणि ठरलेली वेळ जास्त लागते, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. मात्र ठरलेली वेळ पाळायची. ती चुकवायची असेल तर ठरवूच नये.

४. ‘का रडतोस?’ याला उत्तर मिळत नाही. ‘रात्री काय जेवलास? कुणाजवळ झोपलास?’ असं विचारलं की घर उलगडतं. कधी त्यातून नको ते बाहेर येतं. म्हणून ‘कुणाला सांगणार नाही’ असा शब्द मुलाला देत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय जरी आला, तरी 2012 च्या पॉक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. ‘गावात मिटवू’ म्हणणारे येतातच. त्यांना चहासुद्धा पाजू नये.

५. खिचडी वाढणाऱ्या ताईंना रोज विचारावं. कोण ताट तसंच ठेवतं, कोण तिसऱ्यांदा मागतं, हे त्यांना माझ्याआधी कळतं.

६. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे समुपदेशक हवा, लहान शाळांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितलं. नियम चांगला आहे. पण पद मंजूर होईपर्यंत पोरगं दहावी होऊन जाईल. तोवर भिंतीवर पाढ्यांशेजारी दोन नंबर लिहून ठेवले आहेत: 14416, म्हणजे 2022 मध्ये सुरू झालेली टेली-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीतही, आणि मुलांसाठी 1098. मूल मरणाची भाषा बोललं, तर ‘लक्ष वेधतंय’ म्हणून सोडायचं नाही. त्याला एकटं ठेवायचं नाही, घरच्यांना बोलवायचं, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात न्यायचं. शिक्षकाने मानसोपचारतज्ज्ञ होऊ नये, पोहोचवणारा व्हावं.

७. पाडव्याच्या आसपास टोळ्या परततात आणि सगळ्यांना वाटतं, सुटलं. खरी कटकट तिथून पुढे. पोर आईकडे फिरकत नाही, आजीलाच चिकटतं, बापाला उलटून बोलतं. बापाचं डोकं उचलीच्या हिशेबात, आईचं अंग मोडून आलेलं. मग थप्पड बसते. म्हणून त्या दिवसांत पालकसभा घेतो आणि प्रगतिपुस्तक बाजूला ठेवून आधी एवढंच सांगतो, की पोर रुसणार आहे, चार दिवस जवळ येणार नाही, मारू नका. एप्रिलात परीक्षेची घाई असते. सभा तरीही पुढे ढकलत नाही.